ईश्वराचे वैषम्य

न्यायाधीशाने पक्षपात केला असे वाटले तर वरच्या कचेरीत दाद मागता येते. परंतु ज्याच्यावर कचेरीच नाही अशा परमेश्वराविरुद्ध तीच फिर्याद उभी राहिली, तर तिची सुनावणी कोठे आणि कोणापुढे व्हावी, हा प्रश्न बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांनी टाळला नाही, याचा मला नेहमीच अभिमान वाटत आला आहे. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातील ३४ व्या सूत्रात वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे भेदभाव आणि निर्दयता, हे दोन दोष सृष्टिकर्त्याला लागतात काय, याचा विचार आहे. आणि त्यावर भाष्य लिहिताना शंकराचार्यांनी पूर्वपक्ष जराही दुबळा केलेला नाही. देवादिकांना अत्यंत सुख, पशूंना अत्यंत दुःख आणि मनुष्यांना मधली अवस्था, अशी विषम सृष्टी जो घडवतो त्याच्या ठिकाणी एखाद्या प्राकृत माणसासारखे रागद्वेष मानणे भाग आहे, असे आक्षेपकाचे म्हणणे तेथे रोखठोक मांडले आहे.

त्याचे उत्तरही सुप्रसिद्ध आहे. ईश्वर आपल्या लहरीने सुखदुःखे वाटत नाही, जीवांच्या धर्माधर्माकडे पाहूनच तो सृष्टी रचतो. पर्जन्य जसा भात आणि जव या दोहोंना सारखाच कारण होतो आणि त्यांच्यातला भेद मात्र ज्याच्या त्याच्या बीजातून उपजतो, तसे हे आहे. पहिल्या सृष्टीच्या आधी कर्म कोठून आले, असे कोणी विचारलेच, तर संसार अनादी आहे हे पुढच्या सूत्रातले समाधान तयार असते. आणि खरोखरच, ईश्वराला दोषमुक्त करण्यापुरता हा युक्तिवाद मला निरुत्तर करणारा वाटतो.

माझे मन अडखळते ते पुढे, आणि या दृष्टांतापाशीच अडखळते. ज्याने खरीप हंगाम शेतात काढला आहे त्याला ठाऊक असते की, पाऊस सर्वांवर सारखा पडला आणि बीजही सकस असले, तरी साठलेले पाणी कोणाच्या वाफ्यात जावे हे पाट ठरवतो, आणि पाट माणसाने खणलेला असतो. पर्जन्य आणि बीज या दोघांचीच नावे घेतली की पाट खणणारा मनुष्य हिशेबातून आपोआप सुटतो. त्याच भाष्याच्या पहिल्या अध्यायात, अपशूद्राधिकरणात, वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत शिसे आणि लाख ओतण्याचे स्मृतिवचन प्रमाण म्हणून दिलेले आहे. इतिहासपुराणांच्या द्वारे ज्ञान मिळण्याची वाट त्याला मोकळी आहे अशी सवलतही तेथेच आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु ज्या प्रज्ञेने ईश्वरावरील वैषम्याचा आरोप इतक्या कसोशीने तपासला, तिला स्मृतिकारांचे वैषम्य तपासण्याजोगे वाटले नाही, याचे मला दुःख होते. जगातला सर्वांत चिवट पक्षपात असा असतो: तो कोणाच्या मनातला द्वेष म्हणून वावरत नाही, वहिवाट म्हणून वावरतो, आणि ज्याच्यावर तो होतो त्याच्याच गतजन्मीच्या खात्यावर मांडला जातो.

या खतावणीचा अंमल किती खोल होता हे चोखामेळ्याकडे पाहिले म्हणजे कळते. महाद्वाराबाहेर उभा राहून विठ्ठलाला आळवणारा हा महार संत आपल्या काही अभंगांत या हीन जन्माचे कारण स्वतःच्याच पूर्वकर्मात शोधतो, तर काही अभंगांत विटाळाची कल्पना मुळासकट उपटून टाकतो. या दोन स्वरांचा मेळ घालण्याचा खटाटोप मी करणार नाही. मार खाणाऱ्याला माराची मीमांसाही मारणाऱ्याकडूनच उसनी घ्यावी लागते, आणि तरीही एखादे वेळी ती त्याला पटेनाशी होते, एवढेच मला त्यात दिसते.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत आपल्याला कोणी अप्रिय नाही, कोणी प्रिय नाही असे सांगतात आणि त्याच श्लोकात भक्तांशी आपले विशेष नाते कबूल करतात. भाष्यकारांना या विधानाचा बराच मुलाहिजा ठेवावा लागला. वारकऱ्यांना त्याची गरज भासली नाही. त्यांचा देव उघड उघड कैवारी आहे. तो जनीबरोबर दळतो, चोख्याबरोबर ढोरे ओढतो. तत्त्वज्ञाच्या दृष्टीने हा ईश्वराचा अधःपात असेल, परंतु जेथे पाट आधीच एका बाजूला वळवलेला आहे तेथे नुसते सर्वांवर सारखे बरसणे म्हणजे पाटवाल्यालाच साथ देणे, ही गोष्ट या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांनी ओळखली होती, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

ओळखली, तरी दार मात्र बंदच राहिले. चोखोबाची समाधी महाद्वारासमोर आली, नामदेवाच्या पायरीजवळ. आत जाणारी पिढ्यान्‌पिढ्यांची गर्दी तिला नमस्कार करीत राहिली आणि चोखोबाचे जातभाई बाहेरच उभे राहिले. हे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी गावोगाव हिंडून लोकमत जागे केले आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले, तेव्हाही सनातन्यांनी धर्म, परंपरा आणि अधिकार यांचेच दाखले पुढे केले. दहा दिवसांनी मंदिराच्या पुजारी बडव्यांनी प्रवेशाला मान्यता दिली आणि उपोषण सुटले. त्या दहा दिवसांत महाराष्ट्रातल्या कोणा अस्पृश्याच्या पूर्वसंचितात तिळमात्र फरक पडला नव्हता. फरक पडला होता तो किल्ली बाळगणाऱ्यांच्या संमतीत.