आधी माशांचं खाणं

मन्नाएखेळ्ळीला समुद्र नाही, भरती-ओहोटी नाही. आपल्या बीदरच्या मुलखात पाणी म्हणजे मांजरा, कारंजाचा जलाशय आणि गावोगावचे तलाव. पावसाळा लागला की त्यांत कटला, रोहू, मृगळचं बीज सोडतात. पण त्या पिलांनी, आणि मुळात इथल्याच असलेल्या मरळ-शिवड्यांनी खायचं काय, हे क्वचितच कुणी विचारतं.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडच्या ढिवर मासेमारांनी हे विचारलं. तिकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले. त्यांत बेशरम ही वनस्पती माजली, बाहेरचे मासे आले, गावठी मासे दिसेनासे झाले. तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर यांच्या साथीने ढिवर बाया-माणसांनी बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात तलावाचा कोरडा तळ नांगरला आणि पाणी भरू लागल्यावर दुसऱ्या तलावांतल्या पाणवनस्पती आणून धानाच्या रोवणीसारख्या चिखलात लावल्या. कुठल्या माशाला कुठली वनस्पती लागते, हे जुन्याजाणत्यांना तोंडपाठ होतं. आधी खाणं, मग मासे, हा त्यांचा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

अशाच एका पाणवनस्पतीची, हायड्रिलाची, एक काडी पाण्यातून उचलून बघा. पानांची दाट वलयं, त्यांवर शेवाळाचा बुळबुळीत थर, त्यात किड्यांच्या अळ्या. लहान मासे त्यावर पोसतात, मरळ त्या लहानांवर. कित्येकांची अंडीही याच पाल्याला चिकटतात. तलावात गवत्या मासा सोडला की तो हे सगळं रान फस्त करतो.

माशांचं खाणं हरवण्याचं हेच दुखणं दूर कॅलिफोर्नियात आहे. डेल्टा स्मेल्ट हा बोटाएवढा, जेमतेम वर्षभर जगणारा मासा तिथे नामशेष व्हायला आला. दलदलींना बांध घालून शेती केली, त्यात परदेशी शिंपले शिरले आणि तो ज्यावर जगतो ते सूक्ष्म जीव घटले. सप्टेंबर २०२४ मध्ये लुकआउट स्लू इथला बांध मुद्दाम फोडून सुमारे ३,४०० एकरांत भरतीचं पाणी पुन्हा घेतलं, ते हे खाणं वाढावं म्हणूनही.

आपल्याकडे उन्हाळ्यात जेसीबी लावून तलावाचा गाळ काढतात. काढावाच, पाणी साठतं, शेताला कसदार माती मिळते. पण काठची उथळ पट्टी, जिथे लव्हाळ्याचे आणि कमळाचे कंद चिखलात जीव धरून असतात, ती खरवडू नये. यंदा काम सुरू होण्याआधी गावातल्या मासे धरणाऱ्या म्हाताऱ्यांना तलावावर न्यावं आणि ती पट्टी त्यांच्याच हातून आखून घ्यावी.