बंद पडलेला चेनसॉ आणि ‘हलके’ काम



अमेरिकेत घर घेतले की अंगणातल्या झाडांची जबाबदारीही आपल्याकडे येते. वादळात मोठी फांदी पडते, गॅरेजमधला जुना चेनसॉ बाहेर निघतो आणि दहा वेळा दोरी ओढूनही सुरू होत नाही. अशा वेळी आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : “एवढे शिकलात, आता ही हलकी कामे कशाला करता?” भारतातून आलेले आईवडील हे म्हणतात तेव्हा त्यामागे पिढ्यांचा अनुभव असतो. म्हणून तो प्रश्न हसण्यावारी न नेता नीट विचारला पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला कशातून सोडवले, श्रमातून की सक्तीतून?

गावगाड्यात महारांच्या वाट्याला आलेल्या कामांत गावासाठी लाकडे फोडणेही होते. कुऱ्हाड चालवण्यात कमीपणा नव्हता. ती कोणासाठी, केव्हा आणि किती मोबदल्यात चालवायची, हे ठरवण्याचा अधिकार नसणे हा अन्याय होता. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते या वेठीविरुद्ध. पुढे १९३६ मध्ये ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी दाखवून दिले की जात ही केवळ कामाची नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी आहे.

या वाटणीने आणखी एक नुकसान केले. तिने हात आणि बुद्धी वेगळी केली. ज्याचे हात राबत होते त्याला अडाणी ठरवले, आणि ज्याला ज्ञानी म्हटले त्याने वस्तूला हात लावला नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, तेव्हा त्यांना जॉन ड्युई हे प्राध्यापक लाभले. ड्युई यांनी १९१० च्या ‘हाऊ वुई थिंक’ या ग्रंथात विचाराच्या पायऱ्या मांडल्या आहेत : अडचण जाणवणे, ती नेमकी कुठे आहे हे ठरवणे, उपाय सुचणे, त्याचे परिणाम तर्काने तपासणे आणि शेवटी प्रयोग करून पाहणे. तर्क जिथे प्रयोगाला भिडतो, तिथेच विचार पूर्ण होतो.

बंद चेनसॉसमोर या पायऱ्या एकेक करून चढाव्या लागतात. या इंजिनाला तीन गोष्टी हव्यात : इंधन, ठिणगी आणि दाब. दोरी ओढताना हाताला चांगला विरोध जाणवला, तर दाब बहुधा ठीक आहे. मग स्पार्क प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर इंधन पोहोचत नाही. ओला असेल तर इंधन पोहोचते, पण ठिणगी पडत नसेल किंवा इंधन जास्त झाले असेल. सांडलेले पेट्रोल पुसून, प्लगच्या छिद्रापासून दूर, प्लग टोपीत बसवून त्याचा धातू इंजिनाला टेकवावा आणि दोरी ओढावी. ठिणगी दिसते की नाही ते कळते. ठिणगी आहे पण प्लग कोरडा आहे, असे असल्यास प्लगच्या जागी तेलमिश्रित पेट्रोलचे काही थेंब टाकून पाहावे. इंजिन क्षणभर पेटून बंद पडले, तर दोष टाकीतला फिल्टर, नळी किंवा कार्बुरेटर यांपैकी कशात तरी आहे. इथल्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओल धरते, आणि महिनोन्महिने टाकीत राहिलेले पेट्रोल कार्बुरेटरमध्ये चिकट थर सोडते. जुन्या यंत्राच्या बाबतीत बहुधा हेच निघते.

यात एक शिस्त आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, फिल्टर, पेट्रोल सगळे एकदम बदलले तर यंत्र कदाचित चालेल, पण कारण कळणार नाही. कारणाशिवाय कार्य नाही, आणि कारण दूर केले की कार्य थांबते, हा तथागतांच्या शिकवणीचा कणा आहे. दुःख आहे एवढे म्हणून तथागत थांबले नाहीत. त्यांनी दुःखाचे कारण दाखवले आणि ते दूर करण्याचा मार्गही दाखवला.

याउलट आपल्या बोलीत एक वाक्य फार सहज येते : “याची जातच तशी.” यंत्र चालेना, मूल अभ्यास करेना, शेजारी बोलेना, सगळ्याला हेच उत्तर. हे वाक्य कारण शोधण्याचे काम तिथेच थांबवते. माणसांच्या बाबतीत हेच वाक्य हजारो वर्षे वापरले गेले आणि त्याचा मार आपल्या पूर्वजांनी सोसला. म्हणून वस्तूबद्दलसुद्धा ते आपल्या तोंडी येऊ नये.

प्रत्येकाने चेनसॉ स्वतःच दुरुस्त करावा, असे माझे म्हणणे नाही. वेळ नसेल, डोळे किंवा हात साथ देत नसतील, तर दुकानात द्यावा. प्रश्न देण्यामागच्या भावनेचा आहे. ‘मला जमत नाही’ म्हणून दिला, तर ती कामाची वाटणी झाली. ‘हे माझ्या पातळीचे नाही’ म्हणून दिला, तर ती माणसांची वाटणी झाली, आणि ज्या मापाने आपल्याला मोजले गेले तेच माप आपण सामानात घालून अमेरिकेत आणले. मग काळे हात घेऊन काउंटरवर येणाऱ्या मेकॅनिकशी, झाडे कापायला येणाऱ्या कामगाराशी आपण कसे बोलतो, त्याची मजुरी किती घासाघीस करून ठरवतो, यात ते माप दिसल्याशिवाय राहत नाही. त्याच्या बोटांना जे कळते ते ज्ञान आहे, हे मान्य करणे म्हणजे समता.

मुलांना धम्म शिकवताना आपण त्रिशरण-पंचशील पाठ करून घेतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर एखाद्या शनिवारी मुलाला आणि मुलीला गॅरेजमध्ये बोलवा. चेन ब्रेक लावा, प्लग काढून त्यांच्या हातात द्या आणि उत्तर न सांगता विचारा : ओला आहे की कोरडा? आणि त्यावरून काय ठरते? आजी-आजोबांनाही शेजारी खुर्ची द्या. लाकडाबद्दल त्यांना जे ठाऊक आहे ते आता कोणी हुकूम सोडून करून घेणार नाही. नातवंडे ते आदराने विचारून घेतील.

नमो बुद्धाय, जय भीम.