नियम कोणाचा, कर्ता कोण?

‘स्ट्रुडेल’सारख्या ब्राउझरमधल्या साधनात मुलगी कोडची ओळ बदलते आणि वाजता ठेका तिथेच बदलतो. मग संगीत कोणी केले, तिने की यंत्राने? दीपनगरच्या शाळेत एखाद्या वर्गात हे साधन शिकवायला घेतले तर हा प्रश्न येणारच. नियम लिहून दिला म्हणजे कर्तेपण सुटले, हे मला पटत नाही. तबल्याचा कायदा तरी काय आहे? ठरलेल्या बोलांतूनच पलटे, म्हणजे त्यांचे रूपभेद, काढायचे. १९८०च्या दशकात बर्नार्ड बेल आणि जेम्स किपन यांनी अशा कायद्यांचे व्याकरण ‘बोल प्रोसेसर’ या संगणक-प्रणालीत मांडले आणि यंत्राने काढलेले पलटे लखनौचे उस्ताद आफाक हुसेन खाँ पारखत. स्ट्रुडेल ज्या ‘टायडल’ या संगीत-कोडच्या साधनावरून घडले, त्याच्या लेखनपद्धतीवर याच कामाचा प्रभाव आहे. तसेच, असोद्यात जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाईंच्या ओवीला जात्याची लय होती, म्हणून जाते कवी ठरत नाही. ओळ का ठेवली, का खोडली, याचे उत्तर ज्याला देता येते तो कर्ता.

कोड लिहून ठेका शिकवण्यावर घेतला जाणारा, रियाजाशिवाय हात बसत नाही, हा आक्षेप मात्र खराच आहे. म्हणून बोल आधी तोंडाने म्हणावेत, टाळीवर धरावेत आणि मगच टाइप करावेत.