क्षेत्र कशाने होते?

एखाद्या भूमीला क्षेत्रत्व प्राप्त होते ते तेथे देव आधीपासून वसत असतो म्हणून, की माणसे तेथे येऊन पिढ्यान्‌पिढ्या नेम चालवितात म्हणून, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. आणि स्थलपुराणे लिहिणाऱ्यांनी त्याचा निवाडा बहुधा पहिल्या पक्षाच्या बाजूनेच दिलेला आहे. देव स्वयंभू असतो, गाय एका ठरावीक जागी पान्हा सोडते, गुराखी ते पाहतो आणि मागाहून राजा देऊळ उभारतो. माणूस तेथे केवळ साक्षीला असतो. परंतु ज्या गावाला असे माहात्म्य नाही, ज्याच्या नावे एकही ताम्रपट निघत नाही आणि ज्याच्या रहिवाशांचे पूर्वज दुसऱ्याच मुलखात दहन पावले, त्या गावाने आपले पावित्र्य कोठून आणावे? उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात हा प्रश्न मला जितक्या निकडीने जाणवतो, तितका तो काशीला किंवा पंढरपूरला जाणवणे शक्य नाही.

प्राचीनत्वाची उणीव मात्र या परिसराला मुळीच नाही. उल्हासनगरच्या पुढचे रेल्वे स्थानक अंबरनाथ, आणि तेथे वालधुनीच्या काठी उत्तर कोकणच्या शिलाहारांचे शिवालय उभे आहे. त्यातील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा असून, छित्तराजाच्या कारकीर्दीत आरंभलेले हे काम मुम्मुणिराजाने पुरे केले असे मानतात. भूमिज शैलीच्या त्या शिल्पखचित भिंती बाहेरून पाहताना मन वरवर चढत जाते. पण सभामंडपातून गाभाऱ्याकडे वळले की पायऱ्या उतरून खाली जावे लागते, आणि जमिनीच्या पोटातल्या त्या अंधाऱ्या, ओलसर जागेत शिवलिंगापुढे उभे राहिल्यावर नऊशे साठ वर्षांचा काळ अंगावर आल्यासारखा वाटतो. महाशिवरात्रीला तेथे जी अफाट गर्दी लोटते, तीत उल्हासनगरची माणसे बहुसंख्य असतात. अंबरनाथचे पावित्र्य सिद्ध करण्याची गरज कोणालाच वाटत नाही. दगड, लेख आणि काल हे तिन्ही त्याच्या बाजूने उभे आहेत.

आता चार नंबर कॅम्पाकडे पाहावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने कल्याणजवळच्या या माळावर लष्करी छावणी वसविली आणि तीत दोन हजारांहून अधिक बराकी बांधल्या. युद्ध संपले, छावणी ओस पडली, आणि १९४७ च्या फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईला उतरलेले सिंधी निर्वासित लाखाच्या घरात येथे आणून ठेवण्यात आले. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक दालनांत गोणपाटाचे पडदे टांगून कुटुंबे राहिली. भाकरी, बाळंतपण आणि जपजाप्य हे सारे त्या पडद्यांच्या आत चालले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. पुढे १९५४ च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांपोटी मोबदला देण्याची तजवीज झाली, सनदा निघाल्या आणि कब्जे कायम झाले. लालचक्की, मराठा सेक्शन, सुभाष टेकडी असे भाग भरत गेले, मराठी कुटुंबे आली, टेकडीवर बौद्धांची दाट वस्ती झाली. आज बहुतेक बराकी पाडून त्यांच्या जागी मजल्यावर मजले चढलेले आहेत. पण टपालाचा कागद हाती घेऊन पाहावा: पत्त्यात अद्याप ‘बराक नंबर’ आणि ‘खोली नंबर’ असतोच. बराक गेली, तिच्या भिंतीचा चिरासुद्धा राहिला नाही, तरी तिचा क्रमांक टपालवाल्याच्या तोंडी आहे आणि नातवंडांच्या शाळेच्या दाखल्यावर आहे. मला तर हा क्रमांक एखाद्या शिलालेखाइतकाच बोलका वाटतो.

घरादाराचा हिशेब अशा रीतीने सरकारी दप्तरात झाला. दावे दाखल झाले, त्यांची छाननी झाली, रकमा ठरल्या. परंतु सिंधू नदीचा दावा कोणी आणि कोणत्या कचेरीत दाखल करावयाचा होता? ज्या समाजाचा इष्टदेव झुलेलाल हाच जलदेवता आहे, ज्याची पूजा वाहत्या पाण्यावाचून पुरी होत नाही, त्याची नदीच सरहद्दीपलीकडे राहिली. सक्करजवळचे जिंदा पीराचे बेट आणि उडेरोलालचे स्थान, जेथे हिंदू आणि मुसलमान दोघेही एकाच देवतेला दोन नावांनी मानीत आले, तीही तेथेच राहिली. तरी चेटीचंदला, म्हणजे झुलेलालच्या जन्मदिनी, बहराणा निघतो. तबकात कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलची, फळे आणि कलश घेऊन माणसे गात-नाचत पाण्याकाठी जातात आणि साखर मिसळलेले तांदूळ, ज्याला ‘अखो’ म्हणतात, ते पाण्यात सोडतात. जवळ जे पाणी असेल तेच त्या घटकेला सिंधू होते. जुलै-ऑगस्टात चाळीस दिवसांचे चालिहा व्रत येते. पाच नंबर कॅम्पातील चालिहा मंदिरातली ज्योत सिंधमधून जळतीच आणली, अशी तेथील भाविकांची श्रद्धा आहे.

आपल्या मराठी घरात हे काही परके नाही. सत्यनारायण असो की वास्तुशांत, कलशपूजनाच्या वेळी गुरुजी ज्या सात नद्यांना आवाहन करतात त्यांत सिंधूही असते; जिचे पात्र आपल्या शंभर पिढ्यांनी पाहिले नाही, तिला आपण तांब्याभर पाण्यात बोलावीत आलो, आणि ती येते असे मानीत आलो. मग ज्यांनी तिच्यात बुडी मारली होती, ते उल्हासच्या काठी येऊन तिला हाक मारतात तेव्हा त्यांची हाक कमी खरी कशी म्हणावी? गोव्यात १५६० च्या सुमारास कुशस्थळीचा मंगेश पोर्तुगीजांच्या हद्दीतून रातोरात हलवून प्रियोळास नेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. आज त्या स्थानांना निर्वासित देवांची स्थाने म्हणून कोणी ओळखत नाही. पंढरीचा विठ्ठल विजयनगराहून भानुदासांनी परत आणला, असे परंपरा सांगते. तो तेथे होता तोवर पंढरीची वारी खोटी ठरली नव्हती.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: क्षेत्र हे नेमाने होते. अंबरनाथचे शिवालयही राजाज्ञेने उभे राहिले खरे, पण आज ते जिवंत आहे ते दर सोमवारी तेथे पाणी वाहणाऱ्यांमुळे. अन्यथा तेवढीच कोरीव देवळे या देशात दिवाबत्तीवाचून पडून आहेत.

या मतावर वेदान्ती आक्षेप असा येईल की, पावित्र्य जर माणसाबरोबर चालत असेल, तर स्थानाचे महत्त्व उरतेच कोठे. सर्वत्र एकच तत्त्व भरले असता येथे काय आणि तेथे काय! मला हा युक्तिवाद धोक्याचा वाटतो, कारण त्याच्या आडोशाला आपण डोळ्यांसमोरच्या भूमीचे देणे चुकवितो. जी वालधुनी शिवालयाला वळसा घालते, तीच पुढे उल्हासनगरातून वाहत कल्याणजवळ उल्हासला मिळते, आणि या वाटेवर तिच्यात कारखान्यांची रसायने व शहराचे सांडपाणी सोडले जाते. २०१४ च्या अखेरीस एका रात्री तिच्यात ओतलेल्या रसायनाच्या वायूने शेकडो रहिवाशांना श्वास घेणे अशक्य होऊन रुग्णालय गाठावे लागले. नदीच्या काठी लिंग स्थापणारा राजा आणि पाण्यालाच देव मानणारा निर्वासित, या दोघांचाही वारसा सांगणाऱ्या नगरात हे घडावे, हे मला अधर्माचे वाटते. दुसरा सौम्य शब्द मी शोधणार नाही. नेमाने भूमी पवित्र होत असेल, तर नेम मोडल्याने ती भ्रष्टही होते, हे मान्य करावेच लागेल.

वारशाच्या रक्षणाचा प्रश्नही येथेच येतो. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पुरी न झालेली वास्तू प्राचीन स्मारक ठरत नाही. अंबरनाथ त्या संरक्षणाखाली आहे, बराकी नाहीत, आणि २०४० नंतर त्यांची शंभरी भरेल तेव्हा उभी बराक उरेल असे चिन्ह दिसत नाही. परंतु नगराला आपली आठवण जपण्यासाठी तितके थांबण्याचे कारण नाही. चार नंबर कॅम्पातील एखादी मूळ बराक, तिच्या क्रमांकासह, रहिवाशांचे रीतसर पुनर्वसन करून उल्हासनगर महानगरपालिकेने ताब्यात घ्यावी. तिच्या दालनात त्या काळची रेशनकार्डे, दाव्यांचे कागद, घरोघरच्या पूजेतली तबके मांडावीत. आणि बराकीत बालपण काढलेली जी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्या जबान्या त्यांच्या सिंधीतच लिहून घ्याव्यात. हे काम पुढल्या अंदाजपत्रकावर ढकलण्याजोगे नाही.