निष्प्रयोजन बटण

ज्या वस्तूचा उपयोग घरात कोणासच ठाऊक नाही अशी एखादी वस्तू दाखवा म्हटले, तर पुष्कळ गृहस्थ दाराजवळच्या विजेच्या फलकाकडे बोट करतील. फलकावर पाच-सहा बटणे असतात. एकाने दिवा लागतो, दुसऱ्याने पंखा फिरतो, तिसऱ्याने ओसरीवर उजेड पडतो; आणि चौथे असे असते की ते खाली केले काय नि वर केले काय, घरात कोठेही काही घडत नाही. मुले ते खटखट वाजवितात, वडील मंडळी त्यांस दटावितात; परंतु कशासाठी दटावितो हे त्यांनाही सांगता येत नाही.

कुकटपल्लीत अशा बटणांना तोटा नाही. येथील मोठी वसाहत तत्कालीन आंध्र प्रदेश गृहनिर्माण मंडळाने १९८० च्या दशकात वसविली. निरनिराळ्या उत्पन्न गटांसाठी बांधलेली ती बेताची घरे. पुढे कुटुंबे वाढली, मजले चढले, ओसरीची दुकाने झाली, मालक बदलले, भाडेकरू आले नि गेले. भिंत हलली की तारेचे एक टोक गिलाव्याखाली गाडले जाते. बटण मात्र जागच्या जागी राहते. कधी पुढेमागे गीझर बसेल म्हणून कोणी दूरदर्शी माणसाने तार ओढून ठेवलेली असते, आणि तो गीझर कधीच येत नाही. जिन्याच्या दिव्याची तऱ्हा आणखी न्यारी. दिवा एक, बटणे दोन. आणि कोणत्याही एका बटणाकडे पाहून दिवा लागला आहे की विझला आहे हे ओळखता येत नाही. चांगला वायरमन या सर्वांचा उलगडा थोड्या वेळात करील, परंतु एवढ्यासाठी त्याला बोलावतो कोण?

विषय क्षुल्लक वाटेल. तथापि त्यातून निघणारा प्रश्न क्षुल्लक नाही. ज्या कृतीचा परिणाम मला दिसत नाही, तिला परिणामच नाही असे समजण्याचा मला अधिकार आहे काय?

आपल्याकडील मीमांसकांनी या प्रश्नाच्या मुळाशी असलेल्या गोष्टीचा फार बारकाईने विचार केला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेत, आणि अद्वैत वेदान्तातही, ‘अनुपलब्धि’ हे एक स्वतंत्र प्रमाण मानले आहे. समोरच्या जमिनीवर घट दिसत नाही, यावरून तेथे घट नाही असे ज्ञान होते. नैयायिक हे वेगळे प्रमाण मानीत नाहीत. तो वाद तूर्त बाजूला ठेवू. महत्त्वाची आहे ती त्यास जोडलेली अट. न दिसणे ‘योग्य’ असले पाहिजे. म्हणजे घट तेथे असता तर तो खात्रीने दिसला असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. काळोखात घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता आपल्या बटणाकडे वळू. ते दाबून आपण आपल्याच खोलीत चारी बाजूंस पाहतो आणि काही झाले नाही असा निकाल देतो. पण त्याची तार जुन्या वाटणीपूर्वीची असली आणि ती भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातील जिन्यावर गेलेली असली, तर? तेथे एखाद्या वृद्धेच्या पायापुढचा उजेड रोज रात्री नाहीसा होत असेल आणि ती दिव्यालाच दोष देत असेल. इकडचा माणूस निष्पाप आहे खरा. परंतु हा निष्पापपणा पुढच्या दाराशी जाऊन एकदा विचारण्याच्या आळसावर उभा आहे, आणि अशा निष्पापपणाची किंमत मी तरी फारशी धरणार नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेची एक गोष्ट संगणकवाल्यांत प्रसिद्ध आहे. गाय स्टील या संगणकशास्त्रज्ञाने ती सांगितली आहे. तेथील पीडीपी-१० या संगणकाच्या पेटीवर कोणीतरी एक लहानसे बटण चिकटविले होते. त्याच्या एका बाजूस ‘जादू’ आणि दुसऱ्या बाजूस ‘अधिक जादू’ असे लिहिलेले. पाहिले तर त्यास एकच तार जोडलेली. एका तारेच्या बटणाने काहीही होऊ शकत नाही, हे शाळकरी मुलासही कळेल. त्यांनी ते फिरविले, आणि संगणक तत्काळ बंद पडला! योगायोग म्हणून त्यांनी ते सोडून दिले. वर्षभराने पुन्हा फिरविले, पुन्हा तेच. अखेर बटण कापून काढले आणि संगणक सुरळीत चालू लागला. बटणाच्या धातूच्या अंगातून विजेचा काही संबंध जुळत असावा, असा खुलासा पुढे सुचविला गेला. त्यांचे ज्ञान खोटे नव्हते. ते अपुरे होते, एवढेच.

तर मग जे जे कळत नाही ते ते जपून ठेवावे काय? तेही नव्हे. गुरूंच्या आश्रमातील मांजराची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. प्रवचनाच्या वेळी ते त्रास देई म्हणून गुरूंनी त्यास बांधून ठेवावयास सांगितले; गुरू गेले, मांजरही गेले, आणि शिष्यांनी बांधण्यासाठी नवे मांजर आणले. चेस्टर्टन या इंग्रज लेखकाने १९२९ साली एका पुस्तकात रस्त्यावरच्या कुंपणाचा दृष्टांत देऊन म्हटले आहे की ते का घातले हे ज्यास सांगता येत नाही, त्यास ते काढू देऊ नये. मला हे पटते, पण निम्मेच. कारण ‘मला कळत नाही’ असे म्हणून वर्षानुवर्षे हात न लावणारा मनुष्यही विचार टाळतोच. केवळ त्याच्या टाळण्यास आदराचे नाव मिळते.

शिवाय येथे जिवाशी गाठ आहे. बटण विजेच्या जिवंत तारेवरच हवे. ते चुकून परतीच्या तारेवर बसविले, तर दिवा विझतो पण तार जिवंतच राहते. बेवारस तारही बटण चालू असेपर्यंत गिलाव्याखाली जिवंत असते. पुढे गणपतीच्या मखरासाठी खिळा ठोकणारा हात तुमचा नसेल; कदाचित तुमच्यानंतर राहावयास आलेल्या, तुम्ही कधी न पाहिलेल्या मुलाचा असेल. त्याचा तुमच्यावर काही हक्क आहे की नाही? घर विकताना आपण करांच्या पावत्या देतो, किल्ल्या देतो, पाण्याची वेळही सांगतो. कोणते बटण कशाचे, हे मात्र कोणी लिहून देत नाही. मुख्य बटण बंद करून वायरमनकडून तारांचा माग काढवावा, मेली असेल ती तार दोन्ही टोकांस सोडवावी, आणि उरलेल्यांची नावे एका कागदावर लिहून तो मीटरच्या पेटीत आतल्या बाजूस चिकटवावा. पेन्सिलीने लिहिलेले बरे. कारण पुढचा मनुष्य आणखी एखादी भिंत हलविणारच.