‘स्वयं’चे वळणे कोणाचे?

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (सीओईपी) विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘स्वयं’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ यानातून इतर १९ उपग्रहांबरोबर अवकाशात गेला. १० सेंटिमीटर बाजूचा हा घन, वजन सुमारे १ किलो. हॅम (हौशी) रेडिओचे संदेश एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवणे हे त्याचे काम. तत्त्वविचाराला मात्र खाद्य मिळते ते त्याच्या दिशा धरण्यात.

दिशा राखण्यासाठी त्यात मोटार नाही, इंधन नाही. आत एक कायमचुंबक आहे. होकायंत्राच्या सुईप्रमाणे तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळू पाहतो. हे क्षेत्र विषुववृत्तापाशी जमिनीला समांतर, तर ध्रुवांजवळ उभे असते. त्यामुळे ध्रुवांवरून जाणाऱ्या एका प्रदक्षिणेत उपग्रह स्वतः दोनदा फिरतो. वीज लागत नाही, आज्ञाही लागत नाही. मग हे वळणे उपग्रहाचे की क्षेत्राचे?

सांख्य दर्शनाच्या विचारवंतांपुढे हाच पेच होता. प्रकृती म्हणजे जगाचे मूळ द्रव्य, ते जड; पुरुष म्हणजे चैतन्य, ते अकर्ते. मग सृष्टी चालते कशी? लोहचुंबक स्वतः न हलता लोखंड हलवतो, तसा पुरुष केवळ सान्निध्याने प्रकृतीला प्रवृत्त करतो, हे त्यांचे उत्तर. ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात शंकराचार्यांनी ते खोडून काढले. पुरुषाचे सान्निध्य नित्य असेल तर प्रवृत्तीही नित्यच राहील, मग मोक्षाला जागा कुठली? शिवाय चुंबकालाही घासूनपुसून ठेवावे लागते. नुसते जवळ असणे पुरत नाही.

‘स्वयं’ची रचना या दुसऱ्या मुद्द्याला चांगलाच दुजोरा देते. एकटा चुंबक असता तर उपग्रह डोलतच राहिला असता, कारण तिथली अतिविरळ हवा ते डोलणे थांबवू शकत नाही. म्हणून त्यात हिस्टेरिसिस दांड्या बसवलेल्या आहेत. क्षेत्र बदलले की त्यांचे चुंबकत्व मागे रेंगाळते आणि डोलण्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. क्षेत्र सगळीकडेच आहे. स्थैर्य येते ते या योजनेमुळे, आणि योजना जडाची नसते.

मराठीत ‘स्वयं’ला दोन अर्थ आहेत. ‘स्वयंचलित’मध्ये तो ‘आपोआप’ असतो, ‘स्वयंपाका’त मात्र ‘स्वतः’. स्वयंपाक आपोआप होत नाही, कोणीतरी तो रांधते. या उपग्रहाला यांतला दुसरा, ‘स्वतः’ हा अर्थ शोभतो. २००८ पासून आठ वर्षे विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्या त्यावर राबत होत्या.