उमेदवाराचा प्रश्न

मुलाखत संपत आली म्हणजे परीक्षकांपैकी कोणीतरी एक वाक्य उच्चारतो : ‘आपणांस काही विचारावयाचे आहे काय?’ बहुतेक उमेदवार त्याचा अर्थ ‘आता उठावे’ असा घेतात आणि नम्रपणे ‘नाही’ म्हणून उठतात. हे ‘नाही’ विनयाचे की भयाचे, आणि भयाचे असल्यास त्याचा दोष कोणाकडे, हा आमच्या मते केवळ शिष्टाचाराचा नव्हे, तर नीतीचा प्रश्न आहे.

वऱ्हाडातला शेतकरी बैल घेतांना त्याचे दात पाहतो, त्यास चालवून पाहतो, विकणाऱ्यास दहा गोष्टी विचारतो. याबद्दल त्यास कोणी उद्धट म्हणत नाही. मग ज्या व्यवहारात बैल नव्हे, तर स्वतःच्या आयुष्याची उमेदीची वर्षे द्यावयाची, तेथेच मौन हा सद्गुण कसा ठरावा? नोकरी हाही एक करारच. १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या सतराव्या कलमाचे स्पष्टीकरण असे की, निव्वळ मौन हे सामान्यतः कपट ठरत नाही. परंतु बोलणे कर्तव्य असेल, किंवा मौन हेच बोलण्यासारखे असेल, तर गोष्ट निराळी. तेथे घोड्याचे उदाहरण दिले आहे. ‘आपण नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’, असे घेणारा म्हणतो. विकणारा गप्प राहतो. आणि ती चुप्पीच उत्तर ठरते. तात्पर्य, प्रश्न विचारला म्हणजे दुसऱ्याच्या मौनासही जबाबदारी येते. न विचारणाऱ्यास हे संरक्षण नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘गरजवंताला अक्कल नसते.’ हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गणला गेला. येथील शेती बहुतांशी पावसावर अवलंबून. रिसोडचा किंवा मानोऱ्याचा पदवीधर जेव्हा पुण्यास एखाद्या कचेरीत मुलाखतीस बसतो, तेव्हा त्याच्यामागे घरची सारी माणसे उभी असतात. ‘पगार लेखी मिळेल काय? कामाचे तास किती? यापूर्वीचा मनुष्य ही जागा सोडून का गेला?’ हे तीन प्रश्न त्याच्या ओठांवर येतात आणि तेथेच विरतात. त्यास ‘भित्रा’ म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्या घरी दुसरी मिळकत आहे त्याचे धैर्य आणि ज्याच्या घरी नाही त्याचे धैर्य एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

म्हणून आमच्या मते या कर्तव्याचा मोठा वाटा टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्याकडे जातो. आपल्या परंपरेतला सर्वांत भयंकर परीक्षक म्हणजे यम. कठोपनिषदात नचिकेता त्याच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला. यमाने प्रथम त्याची क्षमा मागितली, आणि पुढे अवघड प्रश्न टाळण्यासाठी प्रलोभने दाखविली खरी, तथापि तो ढळत नाही असे पाहून त्याचा गौरवच केला. गीतेच्या चौथ्या अध्यायातही प्रणिपात आणि सेवा यांच्या जोडीस परिप्रश्न ठेवला आहे. विनय आणि विचारणा यांचे वैर आपल्या पूर्वजांनी मानले नाही. ते आपण मागाहून निर्माण केले.

परीक्षकांच्या सत्तेस मर्यादा असावी, हे राज्यकर्त्यांनाही पटले आहे. केंद्र सरकारने कनिष्ठ पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. खासगी संस्थांत मात्र ही सत्ता अबाधित आहे, आणि म्हणून तेथे सौजन्याची अपेक्षा अधिक. पगार, तास, रजा आणि नेमणुकीची मुदत या गोष्टी परीक्षकाने न विचारताच सांगाव्या. आणि मग उमेदवारास खरोखर विचारावयास सवड द्यावी.

उमेदवारास आमचे सांगणे एवढेच की, ज्यास सर्व प्रश्न विचारणे परवडत नाही, त्याने निदान एक विचारावा. उत्तरापेक्षा उत्तर देणाऱ्याची मुद्रा पाहावी. साध्या प्रश्नाने ज्याच्या कपाळास आठी पडते, त्याच्या हाताखाली पुढची वर्षे कशी जातील, याचा अंदाज तेथल्या तेथे येतो. आणि तरीही ती नोकरी पत्करणे भाग पडले, तर ती निदान डोळे उघडे ठेवून पत्करली जाते.